हिरव्या दोऱ्याच्या बाटल्या

आधी एक सांगून टाकतो. माझ्या तेलाने टकलावर केस येत नाहीत. कुणाच्याच तेलाने येत नाहीत. येत असते तर मी हे लिहायला टोपी घालून बसलो नसतो.

मग तेल कशाला, असं विचाराल. आहेत ते केस नीट राहतात, डोक्याची कातडी कोरडी पडत नाही, झोप बरी लागते. एवढंच. एवढं ऐकूनही जो बाटली नेतो ते माझं गिऱ्हाईक. बाकीच्यांसाठी बाजारात चित्रवाल्या बाटल्या खूप आहेत, त्यांनी त्या घ्याव्यात.

माझं शिक्षण तिसरी. हा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला आहे. ऱ्हस्व-दीर्घ सूनबाईने नीट केले. तिने काही वाक्यंही नीट केली होती, ती मी परत होती तशी करून घेतली. दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत. एक साहेब दर रविवारी कपाळ टेपने मोजायचे आणि मला आकडा दाखवायला यायचे. एक बाई कलौंजी समजून शेतात पेरायचं कांद्याचं बी शेरभर घेऊन आल्या आणि मी ते नको म्हटल्यावर माझ्यावरच चिडल्या. कलौंजीला लोक कांद्याचं बी म्हणतात, पण ती कांद्याची नव्हे, ते झाडच वेगळं. हे त्यांना सांगताना माझी अर्धी दुपार गेली. पण गमतीने काही पोट भरत नाही, आणि माझ्या मनात सारखं घोळतं ते गेल्या दिवाळीचं. म्हणून तेच लिहितो.

त्याआधी तेल कसं होतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी पोरवयात रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात पुड्या बांधायला होतो. तिथल्या शेठनी मला हे शिकवलं. दुकान बंद झालं तेव्हा मी कात्रजला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात लोखंडी कढई मांडली, ती अजून उतरवलेली नाही. खोबरेल आणि तिळाचं तेल घ्यायचं. ओला माका वाटून त्याचा रस काढायचा. मेथी, कलौंजी रात्रभर भिजवून वाटायची. आवळा, जास्वंदीची पानं, थोडी जटामांसी. हे सगळं तेलात घालून मंद आचेवर पाच-सहा तास. बस. यात गुप्त असं काही नाही. मी कृती कुणालाही सांगतो, लोकांना वाटतं एक वस्तू लपवतोय. लपवत नाही. अवघड आहेत ती शेवटची दहा मिनिटं.

रसाबरोबर तेलात पाणी गेलेलं असतं. सगळी मेहनत ते पाणी घालवायची आहे. थेंबभर जरी राहिलं तरी तेल पंधरा दिवसांत गढूळतं, आंबूस वास मारतं, त्यात बुरशी धरते. आणि पाणी गेल्यावर जास्त वेळ ठेवलं तर माका करपतो, तेलाला जळका वास येतो, ते फेकून द्यायचं. या दोन्हींच्या मध्ये जी वेळ आहे ती साधली पाहिजे. डोळ्यांनी कळत नाही, फेस फसवतो. शेठ सांगायचे, चिमूटभर चोथा कढईतून काढ, दोन बोटांत वळून त्याची वात कर आणि ज्योतीवर धर. पाणी असलं तर वात तडतडेल. गप्प जळली की तेल झालं. कान लाव आणि ऐक.

तर माझा धंदा कानाचा. वात मी कुणालाही धरू दिली नाही. आमच्या मंडळींना सुद्धा नाही. ही पलीकडे ओट्याशी पोळ्या लाटायची, भाज्या चिरायची, पण कढईपाशी यायचं नाही, हा घरचा नियम होता आणि तो मी केलेला होता. वात गप्प जळली की मी गाळायचं फडकं आणायला गॅलरीत जायचो आणि जाता जाता हिला सांगायचो, "बंद कर." गॅस बंद करणं एवढंच तिचं काम.

पूर्वी मला चार-चार, पाच-पाच वाती जाळाव्या लागायच्या. पहिली तडतडायची, दुसरी तडतडायची. पण गेल्या दोन वर्षांत असं झालं की पहिलीच वात गप्प. दर वेळी. मला वाटलं आता हात बसला. मी हे गिऱ्हाइकांना सांगतही होतो. पहिलीच वात गप्प असते आता आपली, म्हणायचो. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

दिवाळीचं तेल मी दसऱ्यानंतर लगेच काढतो. गेल्या वर्षी ही तेव्हा सासवडला होती, लेकीच्या बाळंतपणाला. मुलगा आणि सून कामाला गेलेले. मी एकटा. वात जाळली, पहिलीच गप्प. गॅस माझ्या हाताने बंद केला. एकोणतीस बाटल्या भरल्या. प्रत्येक घाण्याच्या बाटल्यांना मी वेगळ्या रंगाचा दोरा बांधतो, म्हणजे कुठलं तेल कधीचं ते कळतं. या घाण्याला हिरवा दोरा बांधला. आठ दिवसांत सगळ्या बाटल्या गेल्या. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला लोक माझंच तेल लावतात, काही घरांत तर तीन पिढ्या.

वसुबारसेच्या सकाळी सदाशिव पेठेतून आपटेबाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. फोन सूनबाईने घेतला, अश्विनीने. तिने मला सांगितलं, "बाबा, आपटेबाई म्हणतायत तुम्हाला घेऊन ये. बाटली मी आणून देणार नाही, त्यांनी यावं, असं म्हणाल्या."

अश्विनी त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिने अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि मला स्कूटरवर मागे बसवून नेलं.

आपटेबाईंनी बाटली टेबलावर मांडून ठेवली होती. हिरवा दोरा. तेल गढूळ होतं. मी बाटली तिरकी केली, तर तळाशी पाण्याचे बारीक मणी घरंगळले.

"खोबरेल आहे," मी म्हणालो. "थंडीने गोठतं."

"अहो धुमाळ, मी घरात पंखा लावून बसल्येय," बाई म्हणाल्या. "देवघरातलं खोबरेल पाण्यासारखं पातळ आहे. तुमचं एकटंच गारठलं का?"

"बाटली ओली असेल."

"बाटली तुम्हीच भरलीत."

मी बूच उघडून वास घेतला. आंबूस. तरी मी म्हणालो की माका कडक होता, वास येतो कधीकधी. बाई देवघरातून कापूस घेऊन आल्या. त्यांनी कापसाची वात वळली, माझ्या तेलात बुडवली, निरांजनात ठेवली आणि काडी ओढली.

"तुम्हीच शिकवलंय हे. ऐका आता."

मी वाकलो. ज्योत जळत होती. मला काहीही ऐकू आलं नाही.

"गप्प आहे," मी म्हणालो.

 मी वर बघितलं तर बाई माझ्याकडे बघत होत्या आणि अश्विनी जमिनीकडे. तेवढ्यात माझ्या हाताच्या पाठीला चटका बसला. मग दुसरा. तेलाचे बारीक थेंब ज्योतीतून उडत होते. तडतडल्याशिवाय थेंब उडत नाहीत, हे मला शेठनी शिकवलं त्याला पन्नास वर्षं झाली. हात भाजत होता आणि कान म्हणत होता काही नाही.

मला त्याच वेळी सगळं कळलं. पण तोंडाने मी म्हणालो, "बाई, बूच खराब निघालंय. दमट हवा आत गेली. बदलून देतो."

"बूच," आपटेबाई म्हणाल्या. "बरं. मग ही बाटली घेऊन जा आणि दिवाळीत पणत्यांत घाला. फटाके वेगळे आणायला नकोत."

बाटली पिशवीत घालून आम्ही जिना उतरलो. आपटेबाईंचं डोकं राहिलं बाजूला, त्यांनी वेळीच बघितलं. बाकीच्यांनीही आंबूस तेल लावलं तर वास येईल, खाज सुटेल, मला शिव्या देतील, धुवून टाकतील. मला आठवली ती खडकीची नीता.

नीताचा नवरा फॅक्टरीत, क्वार्टरमध्ये राहतात. त्याच वर्षी ती मोठ्या आजारातून उठली होती. औषधांनी डोक्यावरचा एकन् एक केस गेला. डोक्याला रुमाल बांधून माझ्याकडे आली होती, म्हणाली, "काका, तेल द्या." मी दिलं नाही. आधी डॉक्टरांना विचार म्हटलं. ती तीन वेळा आली, तीन वेळा मी परत पाठवली. मग दसऱ्यानंतर आठवड्याने आली तेव्हा रुमाल काढून दाखवला. डोकंभर बोटाच्या पेराएवढे काळेभोर केस आले होते, खाली कातडी गुलाबी, तान्ह्या पोरासारखी. डॉक्टरांनी हो म्हटलंय म्हणाली. "दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला लावणार. मागची दिवाळी मी दवाखान्यात काढली." मी तिला हिरव्या दोऱ्याची बाटली माझ्या हाताने दिली. वर सांगितलं, निर्धास्त लाव.

ते डोकं आणि हे तेल. परवा पहाटे.

"खडकीला चल," मी अश्विनीला म्हणालो.

क्वार्टरला कुलूप. शेजारची म्हणाली, माहेरी दौंडला गेलीय सगळी, उद्या येतील. नीताचा फोन बंद. अश्विनी म्हणाली, "बाबा, सगळ्यांनाच मेसेज टाकू या. सरळ लिहिते, या घाण्यात पाणी राहिलंय, डोक्याला लावू नका."

"तसं नको. बूच खराब आहे म्हणून लिही."

"बाबा, प्लीज. लोक म्हणतील बूच बदलून वापरतो."

"मी सांगतो ते लिही. बूच खराब आहे, बाटली वापरू नका, आम्ही बदलून देतो."

तिने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. एकतीस वर्षांत माझं तेल कच्चं निघालं असं कुणी म्हटलेलं नव्हतं. तो एक शब्द मला लिहू द्यायचा नव्हता. आणि दुसरा शब्द, कानाचा, तो तर मी स्वतःशीही काढला नव्हता.

तो दिवस आणि दुसरा दिवस, धनत्रयोदशीचा, आम्ही बाटल्या गोळा करत फिरलो. मी गिऱ्हाइकांची वही ठेवत नाही. मला माणसं केसांवरून लक्षात राहतात. बिबवेवाडीची लांब वेणीवाली, येरवड्याचे पांढऱ्या मिशांचे जमादार, धनकवडीच्या कोंडा होणाऱ्या दोघी बहिणी. मी सांगायचो, अश्विनी पत्ता शोधायची. प्रत्येक दारात मी हिरवा दोरा बघून बाटली परत घ्यायचो आणि बदली साधं तिळाचं तेल द्यायचो. प्रत्येक दारात बुचाची गोष्ट सांगायचो. दहाव्या दारापर्यंत ती इतकी सफाईने यायला लागली की मलाच खरी वाटायला लागली. जमादार म्हणाले, "धुमाळ, बुचासाठी एवढ्या लांब आलात? याला म्हणतात इमान." मी मान हलवली. स्कूटरवर परत बसताना अश्विनीने नुसतं पुढचं दार कुठलं ते विचारलं, आणि ते जास्त लागलं.

धनत्रयोदशीला दुपारी चारपर्यंत सव्वीस बाटल्या पिशवीत होत्या. दोन बाटल्या कुणी कुणाला भेट दिल्या होत्या, त्यांचा माग लागत नव्हता. आणि नीताची. तेवढ्यात अश्विनीचा फोन वाजला. आम्ही स्वारगेटजवळ होतो. तिने गाडी बाजूला घेतली, वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काय?"

तिने माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्याने वाचलं. "काका, आत्ताच आलो. बुचासाठी कशाला धावपळ करता? तेल मी काचेच्या बरणीत ओतून घेतलं. उद्या पहाटे सगळ्यांची घाई, म्हणून आई आज संध्याकाळीच माझ्या डोक्याला लावणार आहेत. कोमट करायला ठेवलंय."

"फोन लाव."

लावला. नुसती रिंग जात होती. परत लावला. तेच.

"बाबा, मेसेजमध्ये खरं लिहू?"

"ती आता फोन बघतेय का? गाडी काढ."

धनत्रयोदशीची संध्याकाळ. भांड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांपुढे रस्त्यात माणसं, आकाशकंदिलांच्या हातगाड्या, कुणी दोन्ही हातांत झाडू आणि लाह्या घेऊन मध्येच उभं. शिवाजीनगरला सिग्नल तीन वेळा हिरवा झाला आणि आम्ही तिथेच. मांडीवरच्या पिशवीत बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या, ते मला फक्त हाताला कळत होतं. आवाज नाही. माणसांचं बोलणं अजून येत होतं, पण पिशवीभर काच आणि आवाज नाही. मी दोन वर्षं या शहरात असा फिरत होतो आणि म्हणत होतो की हल्ली पुणं जरा शांत झालंय.

मी मनात वाक्य जुळवत होतो. बुचातून औषध उतरलंय तेलात. नको. बुचाला रंग होता. हेही नको. प्रत्येक गोष्टीत तेल माझं चांगलंच राहत होतं.

क्वार्टरचा जिना मी एका दमात चढलो. दार उघडंच होतं, दारात रांगोळी अर्धी काढलेली. आत नीता पाटावर बसलेली, खांद्यावर टॉवेल, डोकं उघडं. मागे तिच्या सासूबाई, जाड, हसतमुख बाई, वाटीत बुडवलेला तळवा वर काढून धरलेला. तेल मनगटाकडे ओघळत होतं.

"थांबा!" मी ओरडलो.

त्या दचकल्या. वाटी कलंडता कलंडता राहिली. "अगं बाई, काय हो हे! काय झालं?"

"लावलं का?"

"लावतच होते. का? बुचाचं ना? ओतलं की आम्ही बरणीत. आमचं घरातलं होतं त्यातच मिसळलं, सगळ्यांना पुरेल म्हणून."

"ते लावू नका. मला द्या."

"का पण?"

नीता वळून बघत होती. "काका, मेसेजमध्ये तर बूच खराब म्हटलं होतं. तेलाला काही झालंय का?"

सोपा प्रश्न होता. अश्विनी माझ्या मागे दारात उभी होती. ती सांगू शकली असती. तिने नाही सांगितलं, आणि त्याबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे, कारण तिने सांगितलं असतं तर मी तिलाच खोटं पाडलं असतं. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

"कापूस आहे का घरात?" मी विचारलं.

सासूबाईंनी देवघरातून वात आणली. मी ती वाटीतल्या तेलात बुडवली, निरांजनात ठेवली, पेटवली.

"ताई, तुम्ही ऐका," मी म्हणालो. "काय होतंय ते मला सांगा."

"काय व्हायचंय? तडतडतंय की."

"जोरात?"

"चांगलं तडतडतंय. तुम्हाला नाही का येत?"

"नाही," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही. म्हणून तेल कच्चं राहिलं. यात पाणी आहे. बूच चांगलं आहे. बुचाचं मी खोटं सांगितलं."

एवढी पाच वाक्यं बोलायला मला दोन दिवस लागले.  सासूबाईंनी तळव्याकडे बघितलं आणि हात धुवायला मोरीत गेल्या. तिथून त्या म्हणाल्या ते अश्विनीने मला नंतर सांगितलं, "देवा, पोरीच्या डोक्याला लागलं असतं हे."  त्यांनी बरणी आणून माझ्यापुढे ठेवली, त्यांचं चांगलं तेलही त्यात गेलेलं.

नीता पाटावरून उठली नव्हती. तिने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. मला वाटलं आता ही बोलेल, आणि मी ऐकून घेणार होतो.

ती माझ्या अगदी समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश म्हणाली, "मग काका, पुढच्या वेळी कोण ऐकणार?"

 साध्या तिळाच्या तेलाची बाटली ठेवली आणि निघालो.

घरी आलो तेव्हा ही सासवडहून येऊन फराळाची चकली तळत होती. मी पिशवी खाली ठेवली. कुणी विचारायच्या आत म्हटलं, "मला ऐकू येत नाही."

झाऱ्यातली चकली तिने निथळली, ताटात ठेवली. माझ्याकडे वळली आणि जरा मोठ्याने म्हणाली, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली असतील."

"मग दोन वर्षं तेल कसं चांगलं निघालं?"

ती पुढची चकली तेलात सोडायला वळली. अश्विनी म्हणाली, "आई, सांगा आता."

"तुम्ही बंद कर म्हणून गॅलरीत जायचा," ही म्हणाली. "वात तर तडतडत असायची. मला हितं पोळपाटापाशी येत होतं ऐकू. मग मी न्हाई बंद करायची. माझी एक वात जाळायची. गप्प झाली की मग बंद. तुम्ही तंबाखू मळून यायच्या आत हुयाचं सगळं."

खरं सांगतो, मला पहिला आला तो राग. आभार वगैरे काही नाही. "माझ्या तेलाला हात लावलास तू? दोन वर्षं?"

"तेलाला न्हाई. गॅसला."

अश्विनीला हसू आलं आणि तिने तोंड फिरवलं. मी गॅलरीत जाऊन बसलो. माझी पहिली वात गप्प, माझा बसलेला हात, सगळं त्या दहा मिनिटांत होतं जेव्हा मी फडकं शोधत असायचो. शेठनी मला सहा महिने शिकवलं तेव्हा मला आवाज कळायला लागला. हिला कुणी शिकवलं नाही. पोळ्या लाटता लाटता पाठमोरी ऐकत राहिली. आणि मला म्हणाली का नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. मी काय उत्तर दिलं असतं ते तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिने मला साधं तिळाचं तेल चोळलं.  दुपारी अश्विनीने मेसेज लिहिला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. या वेळी त्यात पाणी होतं आणि माझा कानही होता. आपटेबाईंचं उत्तर लगेच आलं. "बूच बरं झालं हे वाचून आनंद झाला. पुढच्या घाण्यातली माझी बाटली ठेवा." तीन गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. त्यांचा राग बरोबर आहे. त्या दोन बाटल्या मात्र शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. कुणाच्या डोक्याला ते तेल लागलं, काय झालं, मला ठाऊक नाही. यंदा कुणाकडे हिरव्या दोऱ्याची जुनी बाटली निघाली तर फेकून द्या, एवढंच इथे लिहितो. लिहायला बसलो त्याचं अर्धं कारण तेच आहे.

अश्विनीने कानाचं यंत्र घेऊन दिलं. फोनवर बोलायला चांगलं आहे. कढईपाशी बसलं की त्यात पंखा, मिक्सर, खालची रिक्षा, शेजारचा टीव्ही, सगळंच तडतडतं. तेव्हा मी ते काढून फळीवर ठेवतो.

तुळशीच्या लग्नाआधी पुढचा घाणा काढला. माका मीच निवडला, मेथी-कलौंजी मीच वाटली, आच मीच धरली. ती कामं मी कुणाला देणार नाही. पाच तासांनी फेस बसला. मी चिमूटभर चोथा काढला, बोटांत वळला, आणि मग पोळपाटाकडे बघून हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा कढईपाशी माझ्या शेजारी पाटावर बसली. मी वात ज्योतीवर धरली. ही कान लावून बसली आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो.

"अजून हाय," ती म्हणाली.

दुसरी वात. तिने मान हलवली. तिसरी. डोळे मिटून ऐकत होती. मी वास घेत होतो, आता करपेल की काय अशी मला धाकधूक. चौथी वात धरली. ती आणखी जवळ वाकली. नीताची बाटली याच घाण्यातून जायची होती, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग तिने डोळे उघडले.

"बंद करा," ती म्हणाली.

मी उठलो आणि गॅस बंद केला.